वीकेण्ड, वाडी आणि तीन पिक्चर

शुक्रवारी दुपारी चारनंतर ऑफिसात जेवढं डोकं चालतं ना, ते सगळं एकाच प्रश्नावर खर्च होतं. या वीकेण्डला पिक्चर कुठला? व्हॉट्सअॅप ग्रुपवर मतदान सुरू होतं, कुणीतरी रिव्ह्यू फेकतं, कुणाला फक्त रिक्लायनरवालं थिएटर हवं असतं. अर्ध्या तासाने सगळे दमतात आणि घरी ओटीटीच बघतात. तुमच्याकडे काही वेगळं घडतं का? नसेलच घडत!

१२ सप्टेंबर २०२५चा शुक्रवार तर कहर होता. एकाच दिवशी तीन मराठी सिनेमे. एकीकडे सुबोध खानोलकरचा 'दशावतार', त्यात एक्क्याऐंशीचे दिलीप प्रभावळकर मुख्य भूमिकेत. दुसरीकडे 'बिन लग्नाची गोष्ट', म्हणजे 'टाइम प्लीज'नंतर तब्बल बारा वर्षांनी मोठ्या पडद्यावर एकत्र आलेली प्रिया बापट-उमेश कामत जोडी. आणि तिसरा ललित प्रभाकर-हृता दुर्गुळेचा 'आरपार'. शिवाय आदल्या आठवड्यातले 'बागी ४' आणि 'कॉन्ज्युरिंग' होतेच. अॅनिमेवाल्या पोरांसाठी 'डेमन स्लेयर' त्याच शुक्रवारी आला. आणि हे कमी होतं म्हणून रविवारी रात्री दुबईत भारत-पाकिस्तान!

तीन मराठी सिनेमे एकत्र आले की आपण 'वा, काय दिवस आलेत' म्हणतो. पण गणित जरा वेगळं आहे. प्रेक्षक तोच, खिसा तोच आणि मराठीच्या वाट्याला येणारे स्क्रीन्सही तेवढेच. तिघांपैकी ज्याचा पहिला शनिवार-रविवार रिकामा जातो, त्याचे सोमवारपासून शो कमी होतात. उरतात ते सकाळी नऊचे नाहीतर भलत्याच वेळेचे. म्हणजे 'पुढच्या आठवड्यात बघू' हे मराठी सिनेमाच्या बाबतीत बऱ्याचदा 'नाही बघणार'चंच सभ्य रूप असतं.

आमचा वीकेण्ड मात्र आधीच बुक होता. पितृपक्ष चालू होता आणि रविवारी, अष्टमीला, नागावच्या आत्याकडे काकांची तिथ होती. मी, नवरा आणि ऑफिसातली एक मैत्रीण (तिला समुद्र हवा होता, निमित्त कुठलंही चाललं असतं) असे तिघं शनिवारी सकाळी गाडीसकट भाऊच्या धक्क्यावर रो-रोत चढलो. मार्च २०२०मध्ये ही बोट सुरू झाली आणि अलिबाग एकदम जवळ आलं. तासाभरात मांडवा, तिथून पुढे वीसेक किलोमीटरवर अलिबाग. गेटवेच्या लाँचेस पावसाळ्यात बंद असतात, त्या सप्टेंबरात पुन्हा सुरू होतात. गाडी न्यायची नसेल तर त्या बेस्ट. वडखळ नाक्याच्या ट्रॅफिकमध्ये ज्याने एकदा रविवारची संध्याकाळ घालवलीय, त्याला बोटीचं महत्त्व सांगावं लागत नाही.

आता माझा एक फंडा सांगते. समुद्रावर गेलात तरी एक पिक्चर तिथल्या थिएटरात बघा. मुंबईत चॉइस इतका की निवडण्यातच जीव जातो. तालुक्याच्या गावी मोजके शो असतात, त्यात जे लागलंय त्यातलं बघायचं. प्रेक्षकही शेलके. कुणी नागाव-आक्षीहून स्कूटरवर आलेलं, कुणी अख्खं कुटुंब रिक्षात कोंबून. लोक इथे पडद्याशी बोलतात. व्हिलन मागून आला तर हीरोला ओरडून सांगतात. मल्टिप्लेक्सच्या थंडगार शांततेत ही मजा नाही.

तसंही सिनेमा आणि या किनाऱ्याचं नातं जुनं आणि जरा तिरकं आहे. नाना पाटेकर मुरूड-जंजिऱ्याचा. १९९३च्या स्फोटांतलं आरडीएक्स ज्या शेखाडीच्या किनाऱ्यावर उतरलं, ते गाव श्रीवर्धनजवळचं. त्यावरचा अनुराग कश्यपचा 'ब्लॅक फ्रायडे' कोर्टकचेरीत अडकला आणि २००७मध्ये एकदाचा थिएटरात आला. आणि 'अलिबागसे आया है क्या'? हिंदी सिनेमा-टीव्हीने हा डायलॉग इतका वापरला की एका अलिबागकराने त्यावर बंदी घाला म्हणून थेट हायकोर्ट गाठलं. २०१९मध्ये कोर्टाने याचिका फेटाळली, विनोद विनोदासारखा घ्या म्हणाले. आता गंमत बघा, शाहरुखचा बंगला थळला झाल्यापासून मुंबईकर पार्टीत कॉलर ताठ करून सांगतात, 'वीकेण्डला अलिबागला असतो यार!'

पोचलो तेव्हा आत्या पडवीत सुपारी निवडत बसली होती. चहा झाल्यावर मी भीत भीतच विचारलं, 'आत्या, संध्याकाळी पिक्चरला येतेस?' उद्या तिथ, घरात पाहुणे, वर गाव काय म्हणेल हा प्रश्न. तिने सुपारीवरची नजरही हलवली नाही.

'पक्ष पितरांचा आहे, त्यांनी काय पिक्चर बघू नका असं सांगितलंय? कुठला लागलाय?'

मग आमचं मतदान परत सुरू झालं. नवऱ्याला 'आरपार', मैत्रिणीला 'बिन लग्नाची गोष्ट'. मी दोन्हीकडून. आत्याने तिन्ही गोष्टी नीट ऐकून घेतल्या.

'लग्न, बिनलग्न, प्रेम, ते सगळं बघून झालंय माझं. तो चिमणराव काय करतोय म्हणालीस?'

आत्यासाठी प्रभावळकर म्हणजे दूरदर्शनवरचा चिमणराव. माझ्यासाठी टिपऱ्यांचे आबा, मैत्रिणीसाठी 'लगे रहो मुन्नाभाई'तले गांधीजी. मी सांगितलं, म्हातारा दशावतारी नट आहे, डोळ्यांनी दिसेनासं झालंय, मुलगा म्हणतो आता पुरे, पण तोंडाला रंग लावायचा काही थांबत नाही.

'मग तोच,' आत्या म्हणाली. 'मतदान बंद करा.'

एक सांगायला हवं. दशावतार तळकोकणातला, सिंधुदुर्गाकडचा. आमच्या अष्टागरात ती परंपरा नाही. सिनेमातली मालवणीही आत्याला सगळी कळली नाही. पहिल्या अर्ध्या तासात तिने दोनदा मला 'काय म्हणाला?' विचारलं. पण पुढे जमिनीचा, जंगलाचा, खाणीचा विषय सुरू झाला आणि तिचे प्रश्न बंद झाले. गोष्ट सांगत नाही, बघायची राहिली असेल तर मजा जाईल. माझं मत विचाराल तर उत्तरार्धात जरा जास्तच आरडाओरडा आहे आणि व्हिलन मंडळी ठरावीक साच्यातली. पण प्रभावळकर पडद्यावर असताना मी एकदाही मोबाइल बघितला नाही. थिएटरही गप्प होतं. पडद्याशी बोलणारं अलिबाग गप्प बसलं, म्हणजे बघा.

इंटरव्हलला आत्याने पॉपकॉर्न नाकारला आणि एवढंच विचारलं, 'हा मुलगा बापाला शहरात न्यायचं म्हणतो का गं?'

हा प्रश्न कुठून आला ते मला माहीत होतं. ३ जून २०२०ला 'निसर्ग' वादळ याच किनाऱ्यावर आपटलं. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, सगळीकडे माड-सुपारीच्या वाड्या आडव्या. आत्याच्या वाडीतल्या सव्वाशे सुपाऱ्या आणि अकरा माड एका दुपारीत गेले. काका तेव्हा होते. दोघांनी पुढच्या पावसात नवी रोपं लावली. सुपारीला फळ धरायला पाचेक वर्षं तरी लागतात, म्हणजे लावतानाच सत्तरीच्या माणसाने पंच्याहत्तरीचा हिशोब करायचा. काका त्यातली तीनच वर्षं जगले.

आणि आता एजंट. रो-रो आली, २०२४च्या जानेवारीत अटल सेतू झाला, रेवस-रेडी सागरी महामार्गाचं काम निघालं, तशी अलिबागजवळच्या प्रत्येक वाडीला 'प्लॉट' म्हणायला लागले लोक. आत्याला मिळालेला आकडा मी इथे लिहीत नाही, पण ऐकून माझा नवरा दोन मिनिटं काही बोलला नव्हता. पुण्याचा आतेभाऊ विकायच्या बाजूने आहे. त्याचंही चूक नाही. आई एकटी असते. पाडेली मिळत नाही, मिळाला तर येत नाही. उद्या पुन्हा वादळ आलं तर? आत्याने एजंटला 'पितृपक्षात व्यवहार नको' म्हणून घटस्थापनेपर्यंत थांबवून ठेवलं होतं. पितृपक्षाचा एवढा उपयोग मी कधी बघितला नव्हता.

रात्री पडवीत बसलो. समुद्राचा आवाज नेहमीपेक्षा बारीक होता. अष्टमी जवळ आली की उधाण नसतं, भांगाची भरती असते, पाणी फार चढतही नाही आणि फार ओसरतही नाही. मैत्रीण म्हणाली, सिनेमा भारी होता, पण जरा फिल्मी. आत्या हसली.

'त्याच्या जमिनीवर खाण येत होती. ती वाईटच. माझ्याकडे तर स्विमिंग पूल येणार आहे. वाईट तरी कशाला म्हणायचं त्याला?'

यावर आमच्यापैकी कुणालाच काही सुचलं नाही. तीच पुढे म्हणाली, 'सकाळी तुम्हाला दाखवते.'

सकाळी स्वयंपाकाच्या आधी तिने आम्हाला वाडीच्या मागच्या कोपऱ्यात नेलं. वादळानंतर लावलेल्यांपैकी चार सुपाऱ्यांना पहिली पोय आली होती. बाकीच्या नुसत्या उंच. 'यंदा चार, पुढच्या साली बघ,' म्हणाली आणि आळ्यातलं पाणी पायाने दुसऱ्या आळ्यात वळवलं. मग काकांची तिथ झाली, घावन, खीर, भाजी, वडे, सगळं साग्रसंगीत. आतेभाऊ पुण्याहून आला होता. जेवणानंतर तो फोनवर बोलायला बाहेर गेला, तेव्हा आत्याने हळूच मला विचारलं, 'पुण्यात लागलाय ना तो चिमणरावाचा?'

लागला होता. पुढच्या आठवड्यात त्याचे शो आणखी वाढले. आत्याने लेकाला दोन तिकिटं काढायला लावली, त्याची आणि सूनबाईंची. 'नंतर बोलू' एवढंच म्हणाली. आम्ही संध्याकाळची बोट पकडली, मांडव्याच्या जेट्टीवर सगळे आधीच मॅचच्या टीमवर भांडत होते. मैत्रिणीने बोटीतच पुढच्या शुक्रवारसाठी 'बिन लग्नाची गोष्ट'चे शो शोधले. आमच्या जवळच्या मल्टिप्लेक्सला एकच उरला होता, दुपारी सव्वाबाराचा. हाफ डे टाकून गेलो आम्ही.

घटस्थापना झाली, दसरा झाला. एजंटला आत्याने आता दिवाळीतल्या पाडव्याची तारीख दिली. आतेभाऊ पिक्चर बघून आला आणि त्याने आईला फोन केला, पण विकण्याचा विषय काढला नाही. पाडेली कुठला मिळतो का, ते विचारत होता.