विंचवाचे बिऱ्हाड मित्राच्या दारी

‘पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पै, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई’ असे आपल्याकडे म्हणतात. म्हण करणाऱ्याने पाहुण्याचे दिवस चोख मोजले. पण पाहुणा स्वतःचे घर बरोबर घेऊन आला तर हिशेब कसा धरायचा, हे त्याने सांगितलेले नाही. त्याचा तरी काय दोष? मोटारीमागे जोडून ओढत न्यायचे घर त्या बिचाऱ्याने पाहिले नव्हते.

अमेरिकेत या घराला ट्रेलर म्हणतात. आमचा बावीस फूट लांब. त्यात दोघांपुरता बिछाना, गॅसची शेगडी, फ्रीज, न्हाणीघर, संडास, आणि खिडकीवरच्या फळीवर सौ.चे देव. नोकरीतून मोकळे झाल्यापासून आम्ही दोघे हे बिऱ्हाड घेऊन हिंडतो. एका ऑक्टोबरात आम्ही ओहायो राज्याच्या पश्चिम भागात गेलो.

हा मुलूख तळहातासारखा सपाट. दोन्ही बाजूंना वाळलेला मका वाऱ्यावर खडखडत असतो, सोयाबीनची काढणी चाललेली असते, आणि मधूनच एखादे धान्याचे कोठार दिसते. इथल्या जॅक्सन सेंटर नावाच्या लहानशा गावात 1952 पासून ‘एअरस्ट्रीम’ ट्रेलर तयार होतात. ॲल्युमिनियमच्या पत्र्याची, चांदीच्या डब्यासारखी लखलखणारी ही घरे. त्यांचा कर्ता वॉली बायम हा गृहस्थ हौशी. त्याने 1959 साली ट्रेलरांचा तांडा घेऊन आफ्रिकेच्या दक्षिण टोकाच्या केपटाउनहून कूच केले आणि 1960 साली थेट कैरो गाठले!

जवळच वापाकोनेटा हे नील आर्मस्ट्राँगचे गाव. तिथे 1972 पासून त्याच्या नावाचे संग्रहालय आहे. ते पाहताना मला एक जुनी गोष्ट आठवली. जुलै 1969 मध्ये चंद्रावरून परतलेल्या तिघा वीरांना, त्यांनी तिकडचे रोगजंतू आणले असतील या भीतीने, आल्या आल्या एका बंद घरात ठेवले होते. ते घर म्हणजे बदल करून घेतलेला एअरस्ट्रीमच! राष्ट्राध्यक्ष निक्सन जहाजावर स्वागताला आले, तेही खिडकीच्या काचेबाहेर उभे राहून बोलले.

आम्ही काही चंद्रावरून येत नव्हतो; पण बाहेर राहायचे आम्हीही ठरवले होते. तिथून तासाभराच्या वाटेवर, डेटन शहराजवळ, माझा वसतिगृहातला खोलीसोबती राहतो. वहिनींची पोटाची मोठी शस्त्रक्रिया होऊन पाच आठवडे झाले होते. फोनवर मित्र म्हणाला, “या रे, पण...” ते ‘पण’ मला कळले. वहिनींच्या घरून जेवल्याशिवाय कुणी परतलेले नाही. पाहुणे आले की त्या अंथरुणात राहणार नाहीत, हे तो जाणून होता. मी म्हटले, “घर घेऊन येतो. तू फक्त अंगण दे.”

अंगण देणेही सोपे नसते बरे का! अमेरिकेतल्या कित्येक वसाहतींत घरापुढे ट्रेलर उभा करायला मनाई असते. कुठे एकदोन दिवसांची मुभा असते. मित्राने नियम पाहून, शेजाऱ्यांच्या कानावर घालून चार रात्री पक्क्या केल्या. मग आमचा संसार मांडायचा सोहळा. चाकांना अटकण लावली, एका बाजूला फळ्या सारून घर समपातळीत आणले. आमचा फ्रीज गॅसवर चालणारा. घर कलते राहिले तर तो नीट थंड होत नाही. वीज गॅरेजातून जाड वायरीने घेतली. घरातले साधे बटण 15 अँपियरचे आणि आमची भूक 30 ची. तेव्हा वातानुकूलन बंद! पिण्याचे पाणी वेगळ्या नळीने भरले. सांडपाणी मात्र आमच्याच टाक्यांत साठवायचे आणि पुढे ठरलेल्या जागी नेऊन ओतायचे. मित्राच्या बागेत त्याचा एक थेंबही नाही.

या प्रकाराला इकडच्या लोकांनी ‘मूचडॉकिंग’ असे नाव ठेवले आहे. ‘मूच’ म्हणजे फुकटेपणा!

हे सगळे वहिनी खिडकीतून पाहत होत्या. शेवटी दारात येऊन म्हणाल्या, “भावजी, खोल्या रिकाम्या असताना तुम्ही अंगणात झोपणार? एवढी का मी परकी झाले?” त्यांचे डोळे भरले होते. मला उत्तर सुचेना. सौ. म्हणाली, “डॉक्टरांनी तुम्हाला चालायला सांगितलंय ना? मग उद्या दुपारी आमच्याकडे चहाला या.”

स्वयंपाकघराच्या दारापासून ट्रेलरची पायरी बत्तीस पावलांवर होती. दुसऱ्या दिवशी मित्राचा हात धरून वहिनी आल्या, बाकावर उशीला टेकून बसल्या. आल्याचा चहा झाला. सवयीने त्या कप विसळायला उठू लागल्या, तेव्हा सौ. म्हणाली, “बसा. हे माझं घर आहे.” वहिनी बसल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना अशा स्वस्थ बसलेल्या पाहिले नव्हते. स्वतःच्या घरात त्यांना दर दहा मिनिटांनी काहीतरी आठवे. इथे आठवायला त्यांचे काही नव्हतेच.

मग रोज दुपारी त्या येऊ लागल्या. आम्ही दोघे मित्र बाहेर पाने गोळा करायचो. आत त्या दोघी बोलत असत. कधी हसणे ऐकू येई, कधी बराच वेळ काहीच नाही. तपासणीचा एक निकाल अजून यायचा होता. त्याची भीती त्यांनी नवऱ्यालाही सांगितली नव्हती. ती सौ.ला सांगितली, आणि तिसऱ्या दिवशी, सौ.च्या आग्रहाने, त्यालाही. त्या रात्री मित्र आमच्या पायरीवर येऊन बसला. “मला वाटायचं, तिला भीती वाटत नाही,” एवढेच म्हणाला.

चौथ्या दिवसानंतर सकाळी आम्ही अटकण काढली, वायर गुंडाळली. वहिनींनी सौ.ला आत बोलावले. देवापुढे खुर्ची मांडली होती. कुंकू लावून त्यांनी तिची खणानारळाने ओटी भरली. “राहिलात तुमच्या घरात,” त्या म्हणाल्या, “पण पाठवणी माझ्या घरातून.”

ट्रेलरातल्या सुट्या वस्तू वळणावर घरंगळतात. म्हणून इंडियानाची हद्द येईपर्यंत सौ.ने तो नारळ मोटारीत मांडीवरच धरला होता.