आर्णीच्या पुढचा चढ

उमरखेडहून यवतमाळला निघालं की महागाव मागे पडतं आणि मग अरुणावतीच्या काठचं आर्णी येतं. बाबा कंबलपोश यांच्या दर्ग्यामुळे हे गाव आपल्यापैकी बऱ्याच घरांना ठाऊक आहे. यवतमाळ मात्र उंचावर, सुमारे 450 मीटरवर. मे महिन्यात सागाची पानं झडलेली, सावली नाही, पारा 44च्या आसपास. जुन्या गाड्यांचा कस इथेच लागतो.

यंदा लग्नाला आम्ही भाच्याच्या जुन्या पेट्रोल गाडीने निघालो. मागे अम्मी. आर्णी सोडल्यावर चढाला इंजिन टिणटिण वाजू लागलं. भाच्याने खालचा गिअर टाकला, आवाज थांबला. इंजिन तापलं, आत कार्बन साचला किंवा पेट्रोल हलकं असलं की ते ठिणगीच्या ज्वाळेची वाट न पाहता आपोआप पेटतं, तो हा आवाज. सावकाश चालवत गाव गाठता येतं.

पुढे आवाज बदलला. खालून, जड, ठक-ठक. आणि तेलाच्या बुधलीचा लाल दिवा लागला.

"खाला, वीसेक किलोमीटर तर उरलेत. पोहोचू की!"

मी तिथेच इंजिन बंद करायला लावलं. माझे अब्बा एसटीत मेकॅनिक होते, त्यामुळे हा दिवा आमच्या घरात लहानपणापासून सगळ्यांना माहीत. दहा मिनिटांनी पट्टी पुसून पाहिली. तेल पुरेसं होतं. भाचा लगेच चावीकडे वळला! पण दिवा तेल किती आहे ते सांगत नाही, तेलाचा दाब सांगतो. चेंबर भरलेलं असूनही पंपाची जाळी तुंबली किंवा बेअरिंग झिजली तर दाब पडतो, आणि कोरडी बेअरिंग काही मिनिटांत क्रँक खाते. अम्मीला एसटीत बसवलं, गाडी टेम्पोवर चढवली. टोचन करून न्यायला मी तयार नव्हते. इंजिन बंद असलं की ब्रेक फार जड लागतो.

यवतमाळला एका गॅरेजवाल्याने आवाज ऐकताच "हाफ इंजिन करावं लागेल" म्हणून टाकलं. दुसऱ्या उस्तादांनी आधी दिव्याचा स्विच काढून तिथे गेज बसवला. हे महत्त्वाचं, कारण काटा नीट चढला असता तर दोष फक्त स्विचचा निघाला असता, काम स्वस्तात झालं असतं. मोटामोटी हिशेब असा, की दर हजार फेऱ्यांना 10 पीएसआय हवा. आमचा काटा जेमतेम हलला, तसं उस्तादांनी लगेच इंजिन बंद केलं. काटा फारच वर गेला तरी तो दोषच: तेल जास्त घट्ट किंवा दाब सोडणारा व्हॉल्व्ह अडकलेला.

चेंबर उतरवलं तर जाळीवर डांबरासारखा काळा गाळ. एका कनेक्टिंग रॉडचे शेल ओरखडलेले, क्रँक मात्र शाबूत. शेल, तेल, फिल्टर बदलले, जाळी धुतली. परत निघण्याआधी उस्तादांनी तापलेलं इंजिन अर्धा तास चालू ठेवून गेज पुन्हा पाहिला, मगच चावी भाच्याच्या हातात दिली.