पावसाळ्यातलं वाचन आणि मैत्रिणीचा सातबारा



आधी शेतातली खबर. आवणी गेल्या आठवड्यात उरकली. कर्जत-३ चं रोप २३ दिवसांचं झाल्यावर लावलं. खालच्या दोन खाचरांत पाणी तुंबून रोप कुजलं, तिथे आता रहू करणार. बी २४ तास भिजत घातलंय, उद्या उपसून गोणपाटात बांधेन, मोड आले की चिखलावर फेकायचं. चिकूत फळगळ सुरू आहे. पाऊस दोन दिवस उघडला तर १ टक्का बोर्डो मारून घ्यायचा. ज्यांच्या वाडीत झाडांखाली कुजकी फळं पडून आहेत त्यांनी ती आधी उचला, नाहीतर फवारणीचा पैसा पाण्यात.

आता आजचा विषय. परवा एक कृषी सहायक बांधावर आले होते. म्हणाले, "ताई, आवणी झाली की दुपारी काय करता?" म्हटलं, वाचते. "काय वाचता?" कादंबऱ्या, बायकांनी लिहिलेल्या. ते हसले, "म्हणजे प्रेमाबिमाच्या?" म्हटलं, हो, प्रेमाबिमाच्याच. मैत्रीच्या, मोडलेल्या संसाराच्या, पुन्हा उभं राहण्याच्या. तुम्ही दुबार पेरणीचा सल्ला देता तो चालतो, मग माणसाच्या दुबार पेरणीचं वाचलं तर काय बिघडलं?

ते गेले, पण मला वाटलं यावर नीट लिहायला पाहिजे. कारण या वाचनाचा आणि शेतीचा संबंध आहे, आणि तो सातबाऱ्यापर्यंत जातो.

आम्ही वाचणाऱ्या दोघी. मी आणि माझी शाळेपासूनची मैत्रीण. तिचं गाव माझ्या गावापासून चार किलोमीटर, बोईसरच्या अलीकडे. अडीच एकर भात आणि चाळीस चिकूची झाडं. नवरा जाऊन सहा वर्षं झाली. मुलगी तारापूर एमआयडीसीत एका कंपनीत लॅबला आहे, मुलगा कॉलेजात. पुस्तकं मुलगी आणते, तालुक्याच्या वाचनालयातून. एक महिना तिच्याकडे, मग माझ्याकडे. खताच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळून येतात, म्हणून भिजत नाहीत.

सुरुवात गौरी देशपांडे यांच्यापासून झाली. 'एकेक पान गळावया' हे पुस्तक १९८० सालचं, म्हणजे आम्ही तेव्हा शाळेतसुद्धा नव्हतो. तीन दीर्घ कथा आहेत. त्यांतल्या बायका आमच्यासारख्या अजिबात नाहीत. शिकलेल्या, इंग्रजी बोलणाऱ्या, परदेशात फिरलेल्या. पहिल्यांदा मैत्रीण म्हणाली, "या बायांना चूल पेटवायची नसते काय गं?" पण पुस्तक तिने परत दिलं नाही. दोनदा वाचलं. वय झालेल्या बाईला आतून काय वाटतं, तिला कुणी आवडावं की नाही, ती एकटीच बरी का, हे सगळं त्या बाई न लाजता लिहितात. आमच्याकडे हे कुणी बोलत नाही. बोलायला शब्दच नाहीत. एकतर टवाळी, नाहीतर "आता काय राहिलंय, मुलांचं बघ."

या लेखिकेबद्दल एक गोष्ट मला फार आवडते. महर्षी धोंडो केशव कर्वे त्यांचे आजोबा. कर्वे विधुर झाल्यावर १८९३ साली त्यांनी गोदूबाई या बालविधवेशी लग्न केलं. गोदूबाई पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकत होत्या. कर्वे मूळचे दापोलीजवळच्या मुरूडचे. तिथे गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. म्हणजे आपल्या कोकणातलंच गाव. त्याच गोदूबाईंची नात ही गौरी देशपांडे. मुलाची बायको, म्हणजे गौरीताईंची आई, इरावती कर्वे. एका विधवेने दुसऱ्यांदा लग्न केलं म्हणून हे घर झालं, आणि मराठीला दोन मोठ्या लेखिका मिळाल्या. हे मी मैत्रिणीला सांगितलं तेव्हा ती चुलीतली राख सारखी करत होती. काही बोलली नाही.

शेतकऱ्यांनी गौरीताईंचं 'विंचुर्णीचे धडे' जरूर वाचावं. फलटणजवळच्या विंचुर्णीत राहायला गेल्यावर त्यांना गावाने काय शिकवलं त्याचं पुस्तक आहे. शहरातल्या माणसाने गावाबद्दल लिहिलं की बहुतेक वेळा कौतुक तरी असतं, नाहीतर कीव तरी. इथे तसं नाही.

मग कविता महाजन यांची 'ब्र' वाचली, २००५ ची. कविताताई वसईत राहायच्या, म्हणजे आपल्याच पट्ट्यातल्या. २०१८ साली गेल्या. कादंबरीतली प्रफुल्ला संसार मोडून बाहेर पडते, मूल नवऱ्याकडे राहतं, आणि ती संस्थेच्या कामाला लागून आदिवासी भागातल्या बाई सरपंचांना भेटत फिरते. ही कादंबरी आम्हाला जवळची वाटली. कारण ग्रामपंचायतीत बाई खुर्चीवर आणि कारभार नवऱ्याचा, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. तिच्यात दुसरी संधी लग्नाने येत नाही, कामाने येते, आणि दुसऱ्या बायकांच्या सोबतीने येते. मैत्रीण म्हणाली, "ही बरी. हिला एसटी माहीत आहे."

ही वाट काही आजची नाही. विभावरी शिरूरकर यांचं 'कळ्यांचे निःश्वास' १९३३ साली आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला. शिकलेल्या, लग्न न झालेल्या मुलींना काय वाटतं एवढंच तर त्यात होतं. लेखिकेला टोपणनाव घ्यावं लागलं. म्हणजे नव्वद वर्षांपूर्वी पुण्या-मुंबईच्या मुली जे टोपणनावाआड बोलल्या, ते आमच्या गावात अजून बोलायचं आहे.

पण "आमच्या गावात" म्हणताना मी जरा थांबते. आपल्या जिल्ह्यात सगळ्यांचं एकसारखं नाही. वारली समाजात लग्न लावते ती धवलेरी, म्हणजे बाईच. जोडपी एकत्र राहतात, मुलं होतात, पैसा जमला की लग्न लागतं. कधी आईबापाचं आणि मुलाचं लग्न एकाच मांडवात. विधवेने पुन्हा घर केलं तर तिथे आभाळ कोसळत नाही. गोदावरी परुळेकर यांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' वाचा, १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला आहे. त्यात लग्नगडी हा प्रकार आहे. लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घेतले की नवरा-बायको दोघं जन्मभर त्याच्या शेतावर राबायची. १९४५ च्या लढ्याने ते मोडलं. म्हणजे या मातीत प्रेम कधीच नुसतं प्रेम नव्हतं, त्याला कर्ज आणि जमीन चिकटलेली होती. आपण बागायतवाले स्वतःला पुढारलेले समजतो, पण दुसऱ्या लग्नाच्या बाबतीत डोंगरावरची माणसं आपल्यापुढे आहेत.

आता मुख्य गोष्ट. मैत्रिणीची परवानगी घेऊन लिहितेय, तिने वाचूनही पाहिलंय.

दोन वर्षांपूर्वी तिने जुनी मेलेली नऊ झाडं काढून नवीन चिकू कलमं लावायचं ठरवलं. डहाणूकडच्या एका रोपवाटिकेत गेली. रोपवाटिकावाले गृहस्थ विधुर, पन्नाशी उलटलेले. त्यांनी तिला भेट कलम कसं करतात ते दाखवलं. नवीन मंडळींसाठी सांगते, चिकूचं कलम रायणीच्या खुंटावर करतात. रायणी आपल्या रानातली, हळू वाढणारी, खुंट पेन्सिलीएवढा व्हायला दोनेक वर्षं लागतात. चिकू तर मूळचा मध्य अमेरिकेकडचा. रायणीचं रोप पिशवीसकट चिकूच्या झाडाजवळ नेऊन टांगायचं, दोघांची साल तासून एकमेकांना लावायची, पट्टीने घट्ट बांधायचं. दोन-तीन महिने दोघंही आपापल्या मुळांवर जगत असतात. जोड पक्का झाला की मगच कापायचं, तेही एकदम नाही, थोडं थोडं.

कलमं घ्यायला गेली, मग कलमांना काय झालं ते विचारायला फोन, मग खोडकिडीसाठी फोन, मग फोनला कारण लागेनासं झालं. मला तिने सांगितलं तेव्हा म्हणाली, "अगं, त्यांनी विचारलंय. मी म्हटलं, भेट कलमासारखं असेल तर चालेल. माझी मुळं माझ्याच मातीत पाहिजेत."

घरात कळलं. मुलीने आईला मिठी मारली, मुलगा चार दिवस जेवताना बोलला नाही, पाचव्या दिवशी म्हणाला, "ते भात लावतात काय?" तेवढंच. पण दीर आला आणि ओटीवर बसून म्हणाला, "वहिनी, लग्न करायचं तर करा, तुमची मर्जी. पण मग आमच्या घराण्याची जमीन सोडून जा. कायदाच आहे तसा."

इथे आमच्या कादंबऱ्या संपल्या. कारण कादंबरीतली बाई बॅग भरून निघते, तिची नोकरी असते, भाड्याची का होईना खोली मिळते. चाळीस चिकूची झाडं बॅगेत भरता येत नाहीत. जमिनीवाल्या बाईचं प्रेम कुणी लिहिलं असेल तर मला कळवा, मला ते वाचायचंय.

मग आम्ही दोघी पालघरला वकिलांकडे गेलो. त्यांनी जे सांगितलं ते इथे देते, कारण "कायदाच आहे तसा" हे वाक्य मी पाच-सहा गावांत तरी ऐकलंय.

तसा कायदा एकेकाळी होता. १८५६ च्या विधवा पुनर्विवाह कायद्याने लग्नाला परवानगी दिली, पण पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क काढून घेतला. तो कायदा १९८३ साली रद्द झाला. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानुसार नवरा मृत्युपत्र न करता गेला तर त्याच्या हिश्शात बायको, मुलं आणि त्याची आई यांना सारखा वाटा मिळतो, आणि बायकोला मिळालेला वाटा तिच्या पूर्ण मालकीचा असतो. पुढे तिने लग्न केलं म्हणून तो परत जात नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २००८ साली हेच सांगितलंय.

दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. जमीन अजून सासऱ्यांच्याच नावावर असेल आणि नवरा त्यांच्याआधी गेला असेल, तर प्रकरण वेगळं असतं, कागद घेऊन वकिलाला दाखवा. आणि अनुसूचित जमातींना हा वारसा कायदा लागू नाही. आपल्या जिल्ह्यात ही गोष्ट मोठी आहे. त्यांनी वेगळा सल्ला घ्यावा.

मैत्रिणीचं नशीब बरं की नवऱ्याने हयातीत वाटप करून घेतलं होतं आणि तो गेल्यावर वर्षाच्या आत तिने वारस नोंद केली होती. सातबाऱ्यावर तिचं आणि दोन्ही मुलांचं नाव आहे. सासूबाई आधीच गेलेल्या. फेरफाराची प्रत तिने दिराच्या हातात दिली. भांडण केलं नाही. म्हणाली, "भावोजी, बांध आहे तिथेच राहील. पाणी पूर्वीसारखं तुमच्या शेतातून माझ्यात येईल. फक्त मी आनंदात असेन, तेवढं सोसा." दीर कागद घेऊन गेला, अजून परत आलेला नाही. येत्या भातकापणीला येईल की नाही ते माहीत नाही. बारा वर्षं दोन्ही घरांची आवणी एकत्र व्हायची, यंदा ती वेगळी झाली. याची किंमत ती मोजतेय. हे लिहिलं नाही तर गोष्ट खोटी होईल.

नोंदणी पद्धतीने लग्न करणार आहेत. नोटीस दिलीय, ३० दिवस थांबायचं असतं. तीन साक्षीदार लागतात, त्यांतली एक मी. लग्नानंतर ती आपल्याच घरी राहणार, ते आठवड्यातून तीन दिवस येणार, रोपवाटिका तिकडेच. लोक हसतात. हसू देत.

मी तिला विचारलं, पुस्तकांनी काही फरक पडला काय गं? ती म्हणाली, "पुस्तकं नसती तरी ते आवडलेच असते. पण मग मला वाटलं असतं, मीच एकटी अशी." माझ्या मते वाचनाचा उपयोग एवढा पुरे. कादंबरीने निर्णय घेतला नाही, कागदाने तिला उभं राहायला जागा दिली. दोन्ही लागलं.

तेव्हा या पावसात दोन कामं करा. घरातल्या बाईचं नाव सातबाऱ्यावर आहे काय ते बघा. शेतकरी संघटनेने लक्ष्मी मुक्तीची हाक दिली त्याला तीस वर्षांवर झाली, तरी कितीतरी उताऱ्यांवर अजून बाईचं नाव नाही. घरात कुणी गेलं असेल तर वारस नोंद लांबवू नका, तलाठ्याकडे अर्ज द्या, पोच घ्या. आणि दुसरं काम, दुपारी पाऊस लागला की एक पुस्तक उघडा. पुरुषांनी सुद्धा.

कृषी सहायक साहेब, 'ब्र' माझ्याकडे आहे. पुढच्या फेरीला येताना करपा बघायला या आणि जाताना घेऊन जा. खताच्या पिशवीत गुंडाळून ठेवते.

रहूचं बी कसं उगवलं ते पुढच्या नोंदीत.