एका धुनेची सोबत

अँड्र्यू हल्शल्ट या अमेरिकन संगीतकाराच्या वाटेवर एक धून पुनःपुन्हा येते. रचना मात्र त्यांची नव्हे. ‘डूम’ या व्हिडिओ गेमची पहिली लेव्हल सुरू होताच जी धून अंगावर धावून येते, ती बॉबी प्रिन्स यांची. व्हिएतनाम युद्धात लढलेल्या आणि काही काळ वकिली केलेल्या या माणसानं गेमसाठी थेट हेवी मेटलच्या वळणाचं संगीत रचलं.

१० डिसेंबर १९९३ रोजी ‘डूम’ आला तेव्हा गेममध्ये तासभराचं रेकॉर्डिंग भरणं परवडणारं नव्हतं. त्यामुळे कोणतं वाद्य, कोणता सूर, कधी आणि किती जोरात, एवढ्या सूचनाच संगीताच्या फाइलीत असत. पेटी शिकणाऱ्याच्या वहीतल्या नोटेशनसारखंच ते. वाजवणारा बदलला की रंगही बदले. साध्या साउंड कार्डावर तीच धून कोरडी नि किरकिरी वाजायची, तर रोलंडच्या ‘साउंड कॅनव्हास’वर भरदार.

‘डूम’ बनवणाऱ्या ‘आयडी सॉफ्टवेअर’च्या जॉन कारमॅक यांनी आणखी एक गोष्ट केली आणि पुढचं सगळं तिच्यातूनच घडलं. आधीच्या ‘वुल्फेन्स्टाइन थ्रीडी’त खेळाडूंनी खटपट करून आपापले बदल घुसवले होते. तो उत्साह दडपण्याऐवजी कारमॅक यांनी ‘डूम’चे नकाशे, चित्रं, आवाज आणि संगीत इंजिनापासून वेगळं काढून ‘वॅड’ फाइलीत ठेवलं.

पहिल्या लेव्हलचं संगीत तिथे ‘डी_ई१एम१’ या नावाच्या लम्पमध्ये, म्हणजे वॅडमधल्या एका कप्प्यात, असतं. आपण त्याच नावाचा लम्प घालून छोटी वॅड बनवायची आणि गेमसोबत लोड करायची. मूळ फाइलीला धक्काही न लागता नवं संगीत वाजतं. मित्रांना द्यायची तीही तेवढीच फाइल. गेम ज्याचा त्यानं घ्यायचा. सोबत एक टेक्स्ट फाइल जोडायची रीत पडली: नकाशा कुणाचा, संगीत कुणाचं, इतरांनी ते पुढे वापरावं की नाही. परस्परांच्या श्रमांची ही कदर मॉड, म्हणजे गेममध्ये असे बदल, करणाऱ्यांनी आपणहून जपली, आणि या जगातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच आहे.

१९९७च्या अखेरीस गेमचा सोर्स कोडही खुला झाला. त्यावरून चाहत्यांनी रचलेल्या इंजिनांत पुढे एमपी३ आणि ओजीजी फाइली वाजू लागल्या. आता प्रिन्स यांच्या सूचनांच्या जागी खरी गिटार ऐकवता येत होती.

हल्शल्ट यांनी २०१३ साली ‘राइज ऑफ द ट्रायड’च्या नव्या आवृत्तीला संगीत दिलं. मूळ गेमचं संगीत ली जॅक्सन आणि प्रिन्स यांचं होतं, म्हणजे तिथेही प्रिन्स भेटलेच. २०१६ साली हल्शल्ट यांनी ‘डूम’चं संगीत गिटार-ड्रमवर नव्यानं वाजवून मोफत वाटलं. नाव ठेवलं ‘आयडीकेएफए’. सगळी शस्त्रं, सगळ्या किल्ल्या देणारा हा ‘डूम’चा चीट कोड प्रत्येक जुन्या खेळाडूच्या बोटांत बसलेला आहे. हे नव्यानं वाजवण्याचं काम वाटतं तितकं सोपं नव्हतं. खेळाडू लेव्हलमध्ये दोन मिनिटं राहील किंवा अर्धा तास, धून शेवटाकडून सुरुवातीला वळताना सांधा कानाला जाणवता कामा नये. गिटार कितीही गरजली तरी मागच्या दारातून येणाऱ्या राक्षसाची गुरगुर ऐकू यायला हवी.

२०२० साली ‘डूम इटर्नल’च्या ‘द एन्शंट गॉड्स’ या अधिकृत विस्तारासाठी डेव्हिड लेव्ही यांच्यासोबत संगीत देण्याचं काम हल्शल्ट यांच्याकडे आलं. ऑगस्ट २०२४मध्ये ‘डूम’ आणि ‘डूम २’ एकत्र नव्यानं निघाले, तेव्हा ‘आयडीकेएफए’ गेमच्या आतच समाविष्ट झालं. ‘डूम २’ची गाणी त्यांनी त्यासाठी नव्यानं वाजवली. प्रिन्स यांचं मूळ संगीतही कुणी हटवलं नाही. कोणतं ऐकायचं ते खेळाडू ठरवतो. आणि त्याच आवृत्तीत खेळाडूंना स्वतःचे मॉड इतरांसाठी ठेवण्याची सोयही दिलेली आहे.