घामाला वाट

नवी मुंबईच्या हवेला साजेसा पोशाख कोणता, असं कुणी विचारलं तर मी बेधडक गाऊन म्हणेन. झोपताना घालायचा म्हणून घरात आला आणि दिवसभर अंगावरून उतरेनासा झाला, तो कॉटनचा, छापील, खिशाचा गाऊन. फॅशनवाल्यांनी त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. आमच्या सेक्टरमध्ये मात्र सकाळी दूध घ्यायला, दुपारी घंटागाडी गाठायला आणि संध्याकाळी भाजीवाल्याशी हुज्जत घालायला तोच पुढे असतो.

आईचा पहिला गाऊन मला आठवतो. वडील लालबागला गिरणीत होते. गिरणीच्या दुकानात कामगारांना सवलतीत कटपीस मिळायचे. त्यातल्या वॉयलच्या एका तुकड्याचा गाऊन शेजारच्या काकूंनी शिवून दिला. एरवी आई पाचवारी, परकर, पोलकं अशा सरंजामात स्टोव्हपुढे उभी असायची आणि कमरेवर नाडीचा काळा वळ कायमचा उठलेला. गाऊन ती घालायची ती रात्री, दार लावून. पहाटे नळाला पाणी यायच्या आत पुन्हा साडीत. गावाहून आजी आली की गाऊनची रवानगी ट्रंकेत.

1982 च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला. त्याच वर्षी पनवेलच्या पलीकडे पाताळगंगेला रिलायन्सचा पॉलिएस्टर धाग्याचा कारखाना सुरू झाला. या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून पाहण्याची फुरसत तेव्हा आमच्या घरात कुणालाच नव्हती. वडिलांची गिरणी पुन्हा उघडली नाही, कटपीस थांबले, आणि आम्हा सगळ्यांच्या अंगावर टेरिकॉट, नायलॉन आलं. इस्त्री नको, रंग उडत नाही, जुलैतही रात्रीत वाळतं. हे गुण खरेच होते. आईला त्यांचं कौतुक होतं, कारण धुणं तीच धुवायची. पण कापूस आपल्या वजनाच्या आठेक टक्के ओलावा सहज धरून ठेवतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. घाम कापडात शिरत नाही, पाठीवरून ओघळत राहतो. टेरिकॉटचा युनिफॉर्म घालून शाळेत बसलेल्या आमच्या पिढीला हे आकडे पाठ करायची गरज पडली नाही.

लग्न होऊन नेरूळला आले आणि खाडीच्या हवेशी गाठ पडली. पारा विदर्भासारखा चढत नाही, पण हवेतच इतकं पाणी की घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग निवत नाही. अशा ठिकाणी कापड अंगापासून सुटं हवं, म्हणजे चालताना खालून वारा शिरतो आणि गळ्याशी बाहेर पडतो. गाऊनला कंबर नाही, हेच त्याचं सगळं तंत्रज्ञान. इथे दार लावून घालायचीही गरज नव्हती. सगळ्याच बायका कुठून कुठून आलेल्या, सासवा दूर. खालच्या मजल्यावरच्या मल्याळी ताई गाऊनवर खांद्याला पंचा टाकून खुशाल बाजारात जायच्या. आम्ही मराठी बायकांनी पंच्याऐवजी ओढणी घेतली. मग तिचे अलिखित नियम झाले. दारापर्यंत नुसता गाऊन चालतो, जिन्यात ओढणी हवी, रिक्षात बसायचं तर ड्रेस. ओढणी गाऊनच्या रंगाची असावी असं मात्र कुणालाच कधी वाटलं नाही.

2014 मध्ये हे नियम एकदम कागदावर आले. रबाळ्याजवळच्या गोठिवली गावात महिला मंडळानेच फलक लावला: गाऊन घालून घराबाहेर फिरणाऱ्या बाईला 500 रुपये दंड. बातमी देशभर गाजली. आमच्या कट्ट्यावर हसणं झालं, मीही हसले. नंतर मात्र विचार करत राहिले. या पट्ट्यातल्या आगरी-कोळी बायकांच्या आज्या गुडघ्यापर्यंत नेसलेल्या लुगड्यात भात लावत होत्या, मिठागरात आणि खाडीत राबत होत्या. त्याहून हवेशीर पोशाख कुणी शोधून काढावा? पण 1970 नंतर सिडकोचं शहर आलं, शेतं गेली, गावाचं गावठाण उरलं. भोवती अनोळखी माणसांचं शहर वाढलं की गाव आधी आपल्या बायकांचे कपडे राखायला लागतं. मंडळाच्या बायकांवर रागवावंसं वाटत नाही. ओढणीचा नियम आम्हीही पाळतच होतो, आम्ही फक्त दंड लावला नव्हता.

तेव्हा कळलं की हवेला साजेसा कपडा अडतो तो कापडापाशी नाही. सैल राहायचा हक्क कुणाला, यापाशी तो अडतो. पुरुषांचंही तेच. मांजरपाटाची बंडी घरात, आणि ऑफिसला इन केलेला कडक इस्त्रीचा शर्ट. ऐरोलीच्या काचेच्या इमारतींत जाणारी मुलं मे महिन्यात पाठपिशवीत हुडी घेऊन निघतात, कारण आत गारठा असतो. शहर बाहेर तापतं आणि कपडे आतल्या हवेसाठी निवडले जातात. जपानने 2005 साली यावर सरळ सरकारी तोडगा काढला. ऑफिसात एसी 28 अंशांवर, कोट-टाय काढून ठेवा. ‘कूल बिझ’ नावाच्या त्या मोहिमेत पंख्यापेक्षा मोलाची गोष्ट होती ती परवानगी.

खारघरच्या मैदानात 16 एप्रिल 2023 रोजी पुरस्कार सोहळ्याला भर उन्हात बसलेल्या माणसांपैकी 14 जण उष्माघाताने गेले. तिथे कापसाचा सदरा कुणाला पुरला नसता. सावली आणि पाणी यांची जागा कपडा घेऊ शकत नाही. पण रोजच्या रोज रिक्षा, प्लॅटफॉर्म, डिलिव्हरीची स्कूटर यांवर ज्यांचा दिवस जातो, त्यांच्यासाठी अंगावरचं कापड ही सोबत नेता येणारी एकमेव सावली असते.

माझी भाची त्याच खारघरला निफ्टमध्ये शिकते. तिच्या पिढीने ढगळ कपड्यांना पहिल्यांदाच प्रतिष्ठा दिली. खांद्यावरून उतरलेला टी-शर्ट, घोळदार पॅन्ट, आणि कुणाला ते गबाळं वाटत नाही. मला हेवा वाटला. पण तिचा टी-शर्ट हातात घेतला तर सतरंजीचा जाड तुकडाच.

“अगं, हा जुलैत वाळणार कधी?”

“मावशी, 240 जीएसएम आहे. हेवीवेट. सध्या हेच चालतं.”

थंड देशांतल्या रस्त्यांवरून आलेली जाडी आम्ही सैलपणासोबत जशीच्या तशी उचलली होती. मी कपाटातून माझा जुना गाऊन काढून तिच्या हातात दिला. तिने तो उजेडात धरला, शिवण उलटून पाहिली आणि म्हणाली, “हा कट भारी आहे.”

तिच्यामुळे मीही लेबलं वाचायला लागले. माझे स्वस्त छापील गाऊन बहुधा गुजरातेतल्या जेतपूरचे, आणि तिथल्या रंगाच्या पाण्याने भादर नदीची काय दशा केली हेही वाचलं. कापूस म्हटला की सगळं शुद्ध, असं नसतं. वर्ध्याच्या मगन संग्रहालयाची सेंद्रिय कापसाची, नैसर्गिक रंगांची खादी आहे, पण ती महाग पडते, कारण तिच्या किमतीत सूत कातणाऱ्या बाईची मजुरी धरलेली असते. मधला रस्ता इचलकरंजीचं पातळ पॉपलीन. आणि सगळ्यात स्वस्त रस्ता म्हणजे आहे तो गाऊन विरेपर्यंत वापरणं. विरला की उशीचा अभ्रा, मग फडकं, मग पायपुसणं. महापालिकेने बेलापूरला जुन्या कपड्यांची वर्गवारी करणारं केंद्र काढलंय. तिथेही निव्वळ सुती कपड्याला पुढची वाट सापडते. धाग्यातच पॉलिएस्टर मिसळलेलं असलं की काम अवघड होतं.

यंदा भाचीने इचलकरंजीच्या पॉपलीनचे सहा कपडे शिवले. गुडघ्याखाली उतरणारे, कंबर नसलेले, कॉलरचे, दोन खोल खिशांचे. तिच्या मैत्रिणींनी ते हातोहात नेले. एक मी ठेवून घेतला. तो घालून बँकेत जाते, स्टेशनवर जाते, ओढणी न घेता. जिन्यात एकदा शेजारच्या वहिनींनी थांबवलं. “अहो, गाऊनवरच निघालात?” म्हटलं, हे स्ट्रीटवेअर आहे. त्या क्षणभर गप्प झाल्या, मग म्हणाल्या, “असं होय! माझ्यासाठी पण एक सांगा ना तिला.”