नंबर कुणाचा तरी असतोच

गेल्या महिन्यात कल्याणच्या एका आजोबांनी मला फोनवर झापलं. चूक माझीच होती.

झालं असं, आमच्या सिस्टिममधून एसएमएस नीट जातात का ते बघायचं होतं. टेस्ट डेटात मोबाईल नंबर हवा, म्हणून मी माझ्याच नंबरचे शेवटचे दोन आकडे बदलून टाकले, स्क्रिप्ट चालू केली आणि ठाण्याहून लोकल पकडली. डोंबिवलीला उतरेपर्यंत "आपला हप्ता थकला आहे" असे शंभरेक मेसेज गेले होते! सोमवारी तक्रार आली. माफी मागायला मीच फोन केला.

"रात्रभर झोप नाही रे. कुठलं कर्ज काढलंय तेच आठवेना."

"काका, तो नंबर मी असाच टाकला होता."

"असाच? अरे, पण तो माझा आहे ना!"

यावर काय बोलणार?

सिनेमावाल्यांचंही हेच होतं. २०१९ च्या 'अर्जुन पटियाला'त सनी लिओनी एक नंबर सांगते. तो निघाला दिल्लीतल्या एका माणसाचा. फोनवर फोन यायला लागले, बिचारा पोलिसांत गेला. २०२४ च्या 'अमरन' या तमिळ सिनेमात चिठ्ठीवर दिसलेला नंबर चेन्नईतल्या एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याचा होता. त्याने १ कोटी १० लाखांची नोटीस पाठवली, मग नंबर सिनेमातून काढला.

अमेरिकेत यावर जुना तोडगा आहे. तिथल्या सिनेमातले नंबर ५५५ ने सुरू होतात. त्यातले ५५५-०१०० ते ५५५-०१९९ खास काल्पनिक वापरासाठी राखून ठेवलेत. तरी २००३ च्या 'ब्रूस ऑलमायटी'त देवाचा नंबर म्हणून साधाच नंबर दाखवला, आणि तो ज्यांचा होता त्यांना लोक "देव आहे का?" विचारू लागले :) डीव्हीडीत मग ५५५ आलं. ब्रिटनमध्येही नाटक-मालिकांसाठी वेगळे नंबर राखलेले आहेत. आपल्याकडे असा सगळ्यांना ठाऊक असलेला आकडा नाही.

गंमत म्हणजे खोट्या ईमेलसाठी एक्झाम्पल डॉट कॉम वापरायचं हे मला पाठ होतं. ते नाव १९९९ पासून राखीव आहे. फोन नंबरच्या वेळी मात्र पलीकडे माणूस असेल हे डोक्यातच आलं नाही.

असो. आता टेस्टिंगला मी स्वतःचाच नंबर टाकतो. परवा आई माझा मोबाईल हातात घेऊन उभी.

"कसला हप्ता थकलाय रे तुझा?"