शेवटी निजणारा

आमचे पुतणेराव संगणकवाले. परवा रविवारी गडमुडशिंगीच्या घरी फोनवर ते कुणाला तरी दटावत होते, "तिघांतला शेवटी कोण बंद झाला ते आधी बघ!" मला वाटलं, दुकानांची चौकशी चाललीय. निघाले सर्व्हर! मारियाडीबीचं गॅलेरा क्लस्टर. २००९ साली मायकेल विडेनियस या गृहस्थानं आपल्या लेकीचं, मारियाचं नाव डेटाबेसला दिलं. क्लस्टरात तिघांकडे एकाच खातेवहीच्या तीन प्रती. एक तुटला तरी उरलेले दोघे बहुमतानं कारभार रेटतात. एकटा पडलेला मात्र नोंद घेत नाही.

"बंद करताना एकेक करायचा, काका. सुरू करताना जो शेवटी निजला, त्यालाच आधी उठवायचं. शेवटची नोंद त्याच्याकडंच असतीय. भलत्याला उठवलं, तर शिळ्या नोंदीच खऱ्या ठरत्यात."

बी.कॉम. झालेल्या मला हे तत्काळ पटलं. आम्हां तीन भावांच्या घरात शेवटी निजायची ती आई, आणि आधी उठायचीही तीच. दुधाचं देणं किती, डबा कुणाचा, कोण कुणाशी बोलत नाही, सगळ्या शेवटच्या नोंदी तिच्याकडे.

ती गेल्यापासून आम्ही तिघेही वेळेवर उठतो. हिशेब तेवढा जुळत नाही.